लास्ट अँड फर्स्ट मेन

ब्रिटिश लेखक व तत्त्वज्ञ ओलाफ स्टेपलडन (१८८६–१९५०) यांची विज्ञानकादंबरी. १९३० मध्ये लंडनच्या मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. आजच्या मानवाला पहिला धरून सुमारे दोन अब्ज वर्षांत होऊन गेलेल्या अठरा मानवजातींचा हा इतिहास आहे. रूढ अर्थाने नायक-नायिका नाहीत, संवादही फारसे नाहीत. एखादी संस्कृती चार ओळींत उगवते आणि मावळते.

यातल्या कालप्रवासाला यंत्र लागत नाही. नेपच्यूनवर राहणाऱ्या शेवटच्या मानवांपैकी एकजण विसाव्या शतकातल्या लेखकाच्या मनात शिरतो आणि त्याच्याकडून हे पुस्तक लिहवून घेतो. लेखकाला मात्र आपण कल्पित कथाच रचतो आहोत असे वाटत असते. देह आपापल्या काळातच राहतो, प्रवास होतो तो मनाचा. अब्जावधी वर्षांच्या घडामोडी भूतकाळ म्हणून सांगण्याची सोय लेखकाला झाली ती या युक्तीमुळेच.

दुसरी जात निसर्गक्रमाने उत्क्रांत होते. माणसाने माणूस घडवण्याची खरी सुरुवात तिसऱ्या जातीपासून होते. हे लोक संगीतवेडे, सजीवांना हवा तसा आकार देण्याची कला जोपासणारे. शुद्ध बुद्धीच्या ध्यासातून ते चौथी जात निर्माण करतात : मनोऱ्यांत वसवलेले अवाढव्य मेंदू, ज्यांना धड असे जवळजवळ नाहीच. हे महामेंदू आपल्या निर्मात्यांनाच गुलाम करतात आणि पुढे संपवतात. ज्ञान साठत जाते, पण कशाला मोल द्यावे हे देह व भावना यांच्यावाचून उमगत नाही, हे अखेर त्यांच्याच ध्यानात येते. म्हणून ते सर्वांगपूर्ण असा पाचवा मानव रचतात, आणि संघर्षानंतर तो महामेंदूंचा शेवट करतो. कादंबरीतला हा सर्वांत सकस भाग आहे. निर्मात्याला जे साधले नाही ते निर्मिती साधते, पण त्याची किंमत निर्माताच मोजतो. स्टेपलडन कोणाचीच बाजू घेत नाहीत.

पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही तेव्हा पाचवे मानव शुक्रावर जातात आणि आपल्याला विरोध करणाऱ्या तिथल्या सागरी जिवांचा संहार करतात. पुढे शुक्रावरच सहावी जात उडणारा सातवा मानव घडवते. सूर्यातील बदलांमुळे शुक्रही सोडावा लागतो, तेव्हा नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणाला टिकेल असा ठेंगणा नववा मानव आठव्या जातीकडून तयार होतो.

हे सारे लिहिले गेले तेव्हा ‘जीन’ (जनुक) हा शब्द रूढ होता, पण डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडायला १९५३ उजाडायचे होते. माणसाची शरीररचना बदलून त्याने शुक्रावर वस्ती करण्याची कल्पना जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२७ च्या एका निबंधात मांडली होती. स्टेपलडनवर तिचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

जवळच्या भविष्याविषयीची सुरुवातीची प्रकरणे आता जुनाट वाटतात. राष्ट्रांच्या स्वभावांची तिथली वर्णने ठोकळेबाज आहेत. आपण भाकीत करत नसून मिथक रचत आहोत, असे स्टेपलडन यांनी प्रस्तावनेतच म्हटले होते, आणि पुढचा भाग त्या कसोटीला पूर्ण उतरतो. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांना हे पुस्तक लहानपणी ग्रंथालयात सापडले आणि त्याचे ऋण त्यांनी पुढे वारंवार मान्य केले. ख्रिस्ती विचारांचे लेखक सी. एस. लुईस यांना मात्र त्यातली नैतिक दृष्टी मानवली नाही.

आइसलँडचे संगीतकार योहान योहान्सन यांनी कादंबरीवर केलेला चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये प्रदर्शित झाला. पडद्यावर माणूस दिसत नाही. दिसतात ती युगोस्लाव्हियाच्या काळातली काँक्रीटची स्मारके, आणि शेवटच्या मानवाचे शब्द टिल्डा स्विंटन यांच्या आवाजात ऐकू येतात.