डेक पडला, पण कशामुळे? पत्ता बदलला की मेटा?

पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात पॅच, म्हणजे बदलांचा नवा अपडेट, आला की आमच्या विश्रामबागच्या ग्रुपवर तासाभरात पहिला मेसेज येतो, 'माझा डेक मेला.' मग त्याच्याखाली तसेच आणखी चार. डेक म्हणजे डावासाठी निवडून बांधलेला पत्त्यांचा गठ्ठा. मेसेज एकच, पण त्यामागची कारणं दोन वेगळी असतात. ती एकमेकांत मिसळली की पोरं चांगला पत्ता काढून टाकतात, नको तो फोडतात, आणि महिनाभर साठवलेलं डस्ट (पत्ता फोडल्यावर मिळतं आणि नवा पत्ता बनवायला लागतं ते चलन) एका संध्याकाळी संपवून बसतात. मोफत खेळणाऱ्याला ते परवडत नाही, आणि सांगली-मिरजेकडे आम्ही बहुतेक सगळे मोफतच खेळतो.

पहिलं कारण म्हणजे पॅचने तुमच्याच डेकमधल्या पत्त्याला हात लावला. किंमत वाढवली, ताकद कमी केली, किंवा त्यावरचा मजकूर बदलला. यालाच नर्फ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तुमच्या डेकमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. समोर बसणारे बदललेले असतात. काल ज्यांना तुम्ही हरवत होता त्यांनी तो डेक सोडला आणि ज्यांच्यापुढे तुमचं चालत नव्हतं त्यांची गर्दी झाली. हा मेटा बदलला. मेटा म्हणजे त्या वेळी मैदानात कोणते डेक जास्त खेळले जातात ते.

तासगावकडच्या बागायतदाराला हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही. द्राक्षावर दावण्या आला तर बागेत उतरून फवारणी करायची. बाग निरोगी आहे आणि भाव पडलाय, तर फवारणी करून काय मिळणार? तिथे माल बेदाण्याकडे वळवायचा का, हा विचार करायचा. हातात येणारा पैसा दोन्ही वेळा कमीच असतो, म्हणून बाहेरच्याला दोन्ही सारखंच दिसतं.

दोन्ही गोष्टी एकाच पॅचमध्ये स्वच्छ दिसाव्यात असं उदाहरण हवं असेल तर मी हर्थस्टोन या खेळाचा फेब्रुवारी २०१८ चा पॅच सांगतो. त्यात चार पत्ते बदलले: राझा द चेन्ड, पॅचेस द पायरेट, कॉरिडॉर क्रीपर आणि बोनमेअर. राझा हा प्रीस्ट या क्लासचा (खेळाडू निवडतो त्या हीरोच्या प्रकाराचा) पत्ता, बाकीचे तीन न्यूट्रल, म्हणजे कुठल्याही क्लासला चालणारे.

राझाचं बघा. डेकमध्ये एकही पत्ता दुबार नसेल तर राझा तुमची हीरो पॉवर, म्हणजे पत्त्याशिवाय वापरता येणारी तुमच्या हीरोची शक्ती, शून्य मानाची करायचा (माना म्हणजे दर टर्नला खर्चायला मिळणारी ऊर्जा). पॅचनंतर ती एक मानाची झाली. शून्याचा एक झाला, एवढंच. पण प्रीस्टवाले राझासोबत शॅडोरीपर अँडुइन हा पत्ता खेळायचे. त्याची हीरो पॉवर दोन डॅमेज करते आणि प्रत्येक पत्ता खेळल्यावर पुन्हा वापरता येते. हातात एक-एक मानाचे पुरेसे पत्ते आहेत असं धरा. पूर्वी दहा मानात दहा पत्ते आणि अकरा वेळा हीरो पॉवर, म्हणजे बावीस डॅमेज. पॅचनंतर त्याच दहा मानात पाचच वेळा हीरो पॉवर बसते, म्हणजे दहा डॅमेज. हीरोचं आयुष्य तीस असतं. बावीसचा घाव आणि दहाचा घाव यांत अख्ख्या डेकचं प्रयोजन बदलून जातं. इथे 'डेक मेला' म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं आहे आणि ते पहिल्या दिवशी, एकही डाव न खेळता, कागदावर कळतं.

आता त्याच पॅचची दुसरी बाजू. चार पत्त्यांत वॉरलॉक या दुसऱ्या क्लासचा स्वतःचा एकही पत्ता नव्हता, कुणी वॉरलॉकला वर उचललंही नव्हतं. तरीही पुढचे काही महिने समोर वॉरलॉकच वॉरलॉक दिसू लागले, कारण त्यांच्याबरोबर मैदान वाटून घेणारे खाली आले होते. शेवटी मे २०१८ मध्ये कंपनीला वॉरलॉकच्याच पझेस्ड लॅकी आणि डार्क पॅक्टला कात्री लावावी लागली. मधल्या काळात वॉरलॉकपुढे हरणारा एखादा डेक तुमच्याकडे असता, तर तुमच्या एकाही पत्त्याला धक्का न लागता तुम्ही सलग हरला असता, आणि पॅच नोट्स कितीही वेळा वाचल्या तरी त्यात तुमच्या डेकचं नाव सापडलं नसतं.

पत्ता बदलल्याचं निदान पॅच नोट्समध्ये छापलेलं असतं. मेटाचं निदान कुठेच छापलेलं नसतं, ते खेळून आणि बघून काढावं लागतं. मिरजेचा एक मित्र मागे तावातावाने डेक मोडायला निघाला होता. त्याला विचारलं, 'अरे, तुझा कुठला पत्ता बदलला?' म्हणाला, 'एकपण नाही.' मग मोडतोस कशाला? सहा डाव हरला होता, एवढंच कारण होतं.

सहा डाव म्हणजे काहीच नाही. अगदी बरोबर पन्नास टक्के जिंकणारा डेक घेऊन वीस डाव खेळलात, तर आठ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता जवळजवळ पंचवीस टक्के असते. म्हणजे डेकमध्ये काडीचाही दोष नसताना दर चारातल्या एका वेळी तुम्हाला 'विसात आठ' बघावे लागतील. शंभर डाव खेळलात तरी चाळीस ते साठ यांतला कुठलाही आकडा आश्चर्याचा नाही. म्हणून मेटा बदलला का हे ठरवताना मी जिंकलो-हरलो मोजत नाही, समोर कोण आलं ते लिहून ठेवतो. निकालावर नशिबाची छाया फार. समोर कोणता डेक बसला, ही तुलनेने साधी मोजणी आहे, आणि चाळीस डावांत पंधरा वेळा एकच डेक समोर आला तर मैदान कुणीकडे झुकलंय हे दिसतंच.

मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांची मोजणी टाकून द्यावी. पॅच आल्यावर सगळे नवीन काहीतरी करून बघत असतात, त्यातले निम्मे डेक आठवड्यात गायब होतात.

उपाय कुठे वेगळे होतात ते बघू. पत्ता बदलला असेल तर पहिला प्रश्न, काय बदललं? माझ्या अनुभवात किंमतीचा बदल ताकदीच्या बदलापेक्षा जास्त बोचतो. मार्व्हल स्नॅप या खेळात सहा टर्न असतात, पहिल्या टर्नला एक एनर्जी, सहाव्याला सहा. संपूर्ण डावाला, जास्तीची मिळवली नाही तर, एकवीस एनर्जी. तीनचा पत्ता चारचा झाला तर एक एनर्जी गेली एवढंच होत नाही. तिसऱ्या टर्नला खेळायला काही उरत नाही आणि चौथ्या टर्नला आधीच बसलेल्या पत्त्याशी भांडण लागतं. उलट, पाच ताकदीचा पत्ता चारचा झाला तर योजना तीच राहते, काही डाव एका गुणाने हातचे जातात. अशा वेळी बहुतेकदा पत्ता ठेवावा. मजकूर बदलला तर मात्र राझासारखा हिशेब कागदावर करावा, डोळ्यांनी अंदाज घेऊ नये.

दुसरा प्रश्न, तो पत्ता डेकमध्ये कोणतं काम करत होता? पॅचेस द पायरेट डेकमधून उडी मारून बाहेर यायचा तो चार्ज घेऊन, आल्याआल्या एक डॅमेज करायचा. चार्ज गेला. ज्या डेकमध्ये तो पायरेट जमातीचाच भाग होता तिथे त्याची जागा टिकण्यासारखी होती. ज्यांनी फुकटच्या एका डॅमेजसाठी दोन-तीन पायरेट भरले होते, त्यांना अख्खा जुडगाच काढणं भाग होतं, एकटा पॅचेस काढून बाकीचे ठेवण्यात अर्थ नव्हता. बहुतेकजण इथेच घाई करतात. नर्फ झालेला एक पत्ता काढतात, त्या जागी दुसरा बरा पत्ता टाकतात, आणि त्या पत्त्याच्या आधाराने उभे असलेले बाकीचे तसेच राहतात. पत्ता काढताना तो कुणाकुणाला हाताशी धरून होता हे आधी बघायला हवं. आणि जो नवा पत्ता येणार तो त्याच टर्नला खेळता येणारा आणि तेच काम करणारा हवा. निव्वळ 'चांगला पत्ता' म्हणून आणलेला पाहुणा डेकच्या कामाला येत नाही.

ग्वेंट या खेळात तर कधीकधी डेक सरळ बेकायदाच होतो. तिथे प्रत्येक पत्त्याला प्रोव्हिजनची किंमत आहे आणि एकूण मर्यादा दीडशे अधिक निवडलेल्या लीडरमुळे मिळणारं जास्तीचं. ऑक्टोबर २०२३ पासून तिथले बदल खेळाडूंच्या मतदानातून, बॅलन्स कौन्सिलमधून ठरतात. एका पत्त्याची प्रोव्हिजन एकाने वाढली आणि तुमचा डेक काठोकाठ भरलेला असला तर तो खेळताच येत नाही. पण ते दुखणं दिसायला मोठं आणि असायला बारीक. कुठलातरी सहा प्रोव्हिजनचा पत्ता पाचच्या पत्त्याने बदलला की डेक पुन्हा उभा.

मेटा बदलला असेल तर गाभ्याला हात लावायचा नाही. तीस पत्त्यांच्या हर्थस्टोन डेकमध्ये दोन-तीन जागा अशा असतात की त्या गेल्या तरी डेकची ओळख जात नाही. बदल तिथेच करायचा, टेक कार्डाने, म्हणजे ठराविक विरोधकांसाठीच ठेवलेल्या पत्त्याने. तोही हिशेबाने. समजा शस्त्र वापरणारे वाढलेत म्हणून ॲसिडिक स्वॅम्प ऊझ टाकायचा विचार आहे. दोन मानाचा हा पत्ता समोरच्याचं शस्त्र मोडतो. डावात पहिली चाल तुमची असेल तर चौथ्या टर्नपर्यंत, मलिगन (सुरुवातीचे नकोसे पत्ते बदलून घेणं) बाजूला ठेवलं तर, तुम्ही सात पत्ते पाहता. दोन ऊझ असतील तर तोवर एक तरी हाती यायची शक्यता सुमारे बेचाळीस टक्के, एकच असेल तर तेवीस. समोरचा तीनातल्या एका डावात शस्त्रवाला असेल तर दोन ऊझ टाकूनही जेमतेम चौदा टक्के डावांत तो वेळेवर कामाला येणार. उरलेल्या डावांत तो साधा ३/२ चा (हल्ला तीन, आयुष्य दोन) पत्ता. तेवढ्यासाठी दोन जागा द्यायच्या का? तीनातला एक असेल तर मी देणार नाही, दोनातला एक असेल तर नक्की देईन. स्नॅपमध्ये हे गणित उलटतं. डेक बारा पत्त्यांचा, सहाव्या टर्नपर्यंत त्यातले नऊ हाती येतात, म्हणजे कुठलाही एक पत्ता पंचाहत्तर टक्के डावांत येतोच. तिथे एक टेक कार्डसुद्धा खूप काम करतं, आणि एक वाया गेलेली जागाही तेवढीच महाग पडते.

डस्टची गोष्ट तर याच फरकावर उभी आहे. हर्थस्टोनमध्ये पत्ता नर्फ झाला की पुढे साधारण दोन आठवडे तो फोडल्यावर पूर्ण किंमत मिळते, लेजेंडरीचे, म्हणजे सर्वात दुर्मिळ पत्त्याचे, पूर्ण सोळाशे. मेटा बदलल्यामुळे निरुपयोगी वाटणारी लेजेंडरी फोडली तर चारशेच हातात येतात, आणि उद्या तीच पुन्हा हवी झाली तर सोळाशे मोजावे लागतात. म्हणून नर्फ झालेल्या पत्त्याच्या बाबतीत घाई करायची काही गरज नाही, दोन आठवडे खेळून बघा आणि मुदत संपायच्या आत ठरवा. मेटामुळे पडलेला पत्ता तर फोडूच नका. मेटा परत फिरतो. इस्लामपूरच्या धाकट्या चुलतभावाला मी हे एकच वाक्य पाठ करून घ्यायला लावलंय.

सगळ्या खेळांत ही दोन्ही कारणं सारखीच सापडतील असं नाही. पोकेमॉन टीसीजी पॉकेटमध्ये पत्त्याचा मजकूर बदलण्याची पद्धत नाही, नवे संच येतात आणि मैदान हलतं. तिथे डेक पडला तर बघायचं मेटाकडेच. मॅजिक अरेनात पत्त्यांचे आकडे अल्केमी या फॉरमॅटमध्ये (खेळण्याच्या वेगळ्या प्रकारात) बदलतात, तो डिसेंबर २०२१ ला सुरू झाला. स्टँडर्डमध्ये पत्ता सहसा बदलत नाहीत, थेट बंदी घालतात. त्यामुळे एकाच नावाचा डेक दोन फॉरमॅटमध्ये असेल तर कुठल्या फॉरमॅटची बातमी वाचतोय हे आधी तपासावं.

आता स्पर्धेचं. मंगळवारी पॅच आला आणि शनिवारी कॉलेजच्या फेस्टमध्ये सोळा जणांची स्पर्धा आहे, तर? पोरं लॅडरवरचा, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांमधला, ताजा मेटा बघून नवीन डेक क्राफ्ट करतात. लॅडरवर हजारो अनोळखी माणसं असतात. शनिवारी समोर पंधराच असणार, आणि त्यातल्या दहांना तुम्ही ओळखता. त्यांच्याकडे डस्ट किती, कोण जुना डेक सोडायला तयार नाही, कोण पॅच आल्यावर पहिल्या दिवशी बदलतो, हे तुम्हाला ठाऊक असतं. २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि हर्थस्टोनमध्ये भूजच्या तीर्थ मेहताने भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. तशा स्पर्धेतही समोर अनोळखी गर्दी नसते, मोजके प्रतिस्पर्धी असतात.

म्हणून शनिवारसाठी माझा क्रम ठरलेला आहे. नर्फ झालेले पत्ते मंगळवारी रात्रीच कागदावर तपासायचे आणि तिथली डागडुजी बुधवारपर्यंत पुरी करायची, कारण ते जगभर सगळ्यांसाठी सारखंच खरं आहे. टेक कार्डाच्या दोन जागा शुक्रवार रात्रीपर्यंत मोकळ्या ठेवायच्या. त्या लॅडरकडे बघून भरायच्या नाहीत. सांगलीतल्या त्या पंधरांपैकी कोण काय आणणार आहे, ते बघून भरायच्या.