कीटकनाशकांच्या धोक्याचे दोन हिशोब

डीडीटी कीटकांना मारते हे स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांनी १९३९मध्ये दाखवले आणि १९४८मध्ये त्यासाठी त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या भुकटीने हिवतापाचे डास आणि टायफसच्या उवा मरत होत्या, त्यामुळे तिचे स्वागत सगळ्यांनीच केले. १९६२मध्ये कीटकनाशकांचे निसर्गावरचे दुष्परिणाम मांडणारे रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आले आणि चित्र बदलले. अमेरिकेने १९७२मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. कार्सन स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या, ही बाब पुढच्या चर्चांतून सहसा गळते. पहिली फूट तज्ज्ञांमध्येच पडली होती.

तरीही ‘लोक अडाणी म्हणून घाबरतात’ हे स्पष्टीकरण बराच काळ चालले. त्याला पहिला धक्का एका अभियंत्याने दिला. चॉन्सी स्टार यांनी १९६९मध्ये मांडले की स्वतःहून पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट अधिक सहन करतात. अन्नातला फवाऱ्याचा अंश कोणी निवडून घेत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा परिणाम उशिरा होतो आणि फायदा बऱ्याचदा दुसऱ्याच्याच पदरात पडतो.

सत्तरच्या दशकात मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक, बारूक फिशहॉफ आणि सारा लिख्टेनस्टाईन यांनी हीच गोष्ट मोजायला घेतली. त्यांनी वेगवेगळ्या गटांना ३० तंत्रे आणि कृती धोक्यानुसार, सर्वांत धोकादायक आधी अशा क्रमाने लावायला सांगितल्या. अणुऊर्जेला अमेरिकेतल्या महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी पहिला क्रमांक दिला, तर तज्ज्ञांनी विसावा. कीटकनाशकांना मात्र या महिलांनी नववा, तज्ज्ञांनी आठवा आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चौथा क्रमांक दिला. म्हणजे या विषयावर लोक एकीकडे आणि तज्ज्ञ दुसरीकडे, अशी सरळ विभागणी नव्हतीच. फरक होता तो क्रम लावण्याच्या पद्धतीत. तज्ज्ञांचा क्रम साधारणपणे वर्षाकाठच्या मृत्यूंच्या अंदाजाप्रमाणे जात होता. सामान्य माणसे त्यात आणखी गोष्टी धरत होती: धास्ती किती, धोका ओळखीचा आहे का, पुढच्या पिढ्यांचे काय. माझ्या मते या गोष्टी हिशोबात धरणे हा अडाणीपणा नव्हे.

लोक चुकतात ते मात्रेच्या बाबतीत. विष ठरते ते मात्रेवर, हे पॅरासेल्सस या वैद्याने सोळाव्या शतकातच सांगितले होते आणि विषशास्त्र त्यावरच उभे आहे. १९९२मध्ये नॅन्सी क्राउस, टॉर्ब्यॉर्न माल्मफोर्स आणि स्लोव्हिक यांनी विषतज्ज्ञ आणि सामान्य लोक यांची तुलना केली. कणभर संपर्क आणि मोठा संपर्क यांत लोक फारसा भेद करत नव्हते. पण त्याच अभ्यासात तज्ज्ञांचेही पितळ उघडे पडले. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू होतात यावर त्यांच्यातच एकमत नव्हते आणि उद्योगात काम करणाऱ्या विषतज्ज्ञांना रसायने विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांना वाटत त्यापेक्षा अधिक निरुपद्रवी वाटत होती.

याआधी, १९८९मध्ये, सफरचंदांवर वापरल्या जाणाऱ्या, झाडांची वाढ नियंत्रित करणाऱ्या ‘अलार’ या रसायनावरून अमेरिकेत टीव्हीवरच्या एका कार्यक्रमानंतर घबराट पसरली. शाळांनी सफरचंदे काढून टाकली आणि उत्पादक कंपनीने खाद्यपिकांसाठीची विक्री थांबवली. हे प्रकरण आजही अवास्तव भीतीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण त्यातला मूळ प्रश्न, म्हणजे लहान मुले वजनाच्या मानाने फळे जास्त खातात हा, रास्त होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३मध्ये तो उचलून धरला आणि १९९६च्या कायद्याने मुलांसाठी दहापट जादा सुरक्षेची तरतूद आणली.

ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वेळी गोंधळ वाढला. मार्च २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. मे २०१६मध्ये त्याच संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञगटाने अन्नातून त्यामुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही असे म्हटले. पहिली संस्था पदार्थात ती क्षमता आहे का हे तपासत होती, दुसरा गट ताटात येणाऱ्या मात्रेचे काय हे पाहत होता. प्रश्न वेगळे असल्याने दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. पण हा फरक लोकांपर्यंत पोहोचलाच नाही आणि तज्ज्ञ आपसात भांडत आहेत एवढेच त्यांना दिसले.