खाडीपलीकडे वाय-फाय न्यायचंय? मंजुरी कुणी घ्यायची, कागद कोणते लागतात

दाभोळच्या जेटीवरून पलीकडचं धोपावे स्पष्ट दिसतं. फेरीबोट चुकली तर मात्र चिपळूणवरून वळसा, आणि केबल ओढायची म्हटली तर तिलाही तोच वळसा. म्हणून दोन्ही काठांवर एकेक डिश बसवून रेडिओने जोडणी करावी, असं आपल्याकडच्या अनेकांच्या मनात येतं. कायद्यात बसवून ते करता येतं. घोटाळा होतो तो अर्ज कुणी करायचा, याबाबत.

2.4 गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा 2005 पासून परवानामुक्त आहे. 22 ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण 605 मेगाहर्ट्झ, घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळे झाले. या पट्ट्यांत लहरींसाठी परवाना काढावा लागत नाही. मात्र इथे हक्काचं संरक्षणही नाही. शेजारच्या लॉजच्या राउटरमुळे तुमची लिंक अडखळली तरी दाद मागता येत नाही.

लहरी मोकळ्या असल्या तरी यंत्राला मंजुरी लागतेच. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा, म्हणजे रेडिओ लहरींचं नियोजन पाहणारी शाखा, ती देते. तिला ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप ॲप्रूव्हल म्हणतात. ही मंजुरी मॉडेलला मिळते, मालकाला नाही. त्यामुळे दुकानातून मंजूर मॉडेल विकत घेणाऱ्या होमस्टेवाल्याने वेगळा ईटीए काढायची गरज नाही. अर्ज करायचा तो उत्पादकाने, आयातदाराने किंवा परदेशी कंपनीच्या भारतातल्या अधिकृत प्रतिनिधीने. परवानामुक्त पट्ट्यातल्या यंत्रांसाठी सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने तो करता येतो.

तुम्ही स्वतः रेडिओ मागवून विकणार असाल, तर फाइल आधी तयार ठेवा: कंपनी किंवा फर्मची नोंदणी, पॅन, जीएसटी, आयात-निर्यात कोड, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र, मॉडेलची तांत्रिक माहितीपत्रिका आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ (रेडिओ लहरींचा) चाचणी अहवाल. या अहवालावर जास्त लक्ष द्या. त्यातला मॉडेल क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक आणि अर्जातला क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. सोबतच्या ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) नोंदणी चिन्ह हवं. वस्तू टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरच्या सक्तीच्या यादीत असेल, तर एमटीसीटीई, म्हणजे दूरसंचार यंत्रांच्या सक्तीच्या चाचणीचं प्रमाणपत्रही लागतं. ईटीए मिळाला म्हणजे ही दोन्ही सुटली, असं समजू नका.

वापरणाऱ्याची जबाबदारी: ताकद

मंजूर यंत्रही चुकीच्या सेटिंगने बेकायदा होतं, आणि किनाऱ्यावर हेच जास्त घडतं. 5725 ते 5875 मेगाहर्ट्झमध्ये अँटेनातून बाहेर पडणारी ताकद 4 वॅट, म्हणजे 36 डीबीएमपर्यंतच (डीबीएम हे ताकद मोजायचं एकक) ठेवता येते. डिश लहरी एका दिशेने एकवटते, त्याला गेन म्हणतात आणि तो डीबीआयमध्ये मोजतात; रेडिओची ताकद आणि गेन यांची बेरीज म्हणजे बाहेर पडणारी ताकद. डिशचा गेन 23 डीबीआय असेल तर रेडिओ 13 डीबीएमवर ठेवायला हवा; म्हणजे जेमतेम 20 मिलिवॅट. तोच 25 डीबीएमवर नेला की बेरीज 48 होते. ती जवळजवळ 63 वॅट आहे, मर्यादेच्या सुमारे सोळापट! सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडा आणि अँटेनाचा गेन खरा भरा. मग बहुतेक रेडिओ स्वतःच ताकद आवरतात. 5250 ते 5350 आणि 5470 ते 5725 या पट्ट्यांत मर्यादा आणखी कडक आहे.

खाडीवरची लिंक ठरावीक वेळी पडत असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. पाण्यावरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला मारते आणि पाण्याची पातळी बदलली की हा खेळही बदलतो. ताकद वाढवून ते थांबत नाही, अँटेनाची उंची बदलून पाहावी लागते.

मोबाइलला रेंज नाही म्हणून बाजारातला बूस्टर आणून कौलांवर बसवण्याचा मोह मात्र टाळाच. तो मोबाइल कंपन्यांना दिलेल्या लहरींवर चालतो. त्याला परवानामुक्तीचा आधार नाही आणि त्याने साऱ्या वाडीचे फोन बिघडू शकतात.

शेजाऱ्यांना पैसे घेऊन द्यायचं असेल तर

स्वतःच्या घरापासून स्वतःच्या बागेपर्यंत जोडणी नेणं वेगळं आणि वाडीला इंटरनेट विकणं वेगळं. विकायचं तर इंटरनेट सेवेचा दूरसंचार परवाना लागतो. छोट्या दुकानदाराला, खाणावळीला परवडणारी वाट म्हणजे पीएम-वाणी, सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. त्यात हॉटस्पॉट चालवणाऱ्या पीडीओला (पब्लिक डेटा ऑफिस) परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. त्याने दूरसंचार विभागाकडे नोंदलेल्या पीडीओएशी (अनेक पीडीओंना एकत्र जोडणाऱ्या कंपनीशी) जोडून घ्यायचं आणि सेवा कंपनीकडून इंटरनेट घ्यायचं. करार करताना सेवा कंपनीला पीडीओ म्हणून जोडणी हवी आहे, हे लेखी सांगा. साधं घरगुती कनेक्शन घेऊन ते वाटू नका.

डिश चढवण्याआधी मॉडेल आणि सिरीयल क्रमांक असलेलं पक्कं बिल, विक्रेत्याकडून मागून घेतलेली ईटीएची प्रत आणि ताकदीच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. ईटीएची प्रत द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तो रेडिओ घेऊ नका.