बॅटरी भरलेली, तरी सेल्फ का उचलत नाही?

दसऱ्याच्या आसपासची सकाळ होती. बामणोलीच्या काठावर, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. लाँचमध्ये पैलतीरच्या गावांची माणसं बसली होती, पायाशी बाजाराच्या पिशव्या, एका आजींच्या मांडीवर औषधांची थैली. चालकाने किल्ली फिरवली. इंजिनातून एकदाच ‘टक्’ आलं आणि पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा तेवढंच टक्.

“बॅटरी उतरली असणार,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कालच मेढ्याहून चार्ज करून आणलीय, दादा,” चालक म्हणाला आणि त्याने मल्टिमीटर लावून दाखवला. 12.6 व्होल्ट. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असली की एवढेच दाखवते.

आकडा खरा होता, पण तो काहीच काम न करता बसलेल्या बॅटरीचा होता. साधा डिजिटल मीटर बॅटरीकडून अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग ओढतो. छोट्या डिझेल इंजिनाचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मात्र शे-दीडशे अँपिअर मागतो. वायरची एकच तार कशीबशी टेकलेली असली तरी मीटरचं काम भागतं, सेल्फचं भागत नाही.

आपल्याकडे ठिबक असलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचे काटे असतात. कॉक बंद असेल तर फिल्टर कितीही तुंबलेला असो, दोन्ही काटे सारखाच दाब दाखवतात. पाणी वाहू लागलं की पलीकडचा काटा खाली येतो, आणि दोहोंतल्या फरकावरून कचरा किती ते समजतं. विजेचंही तसंच. दोष प्रवाह चालू असतानाच दिसतो.

जॉर्ज ओहम यांनी 1827 साली मांडलेला नियम इथे अक्षरशः हाताला लागतो. प्रवाह गुणिले रोध म्हणजे वाटेत गळालेला व्होल्टेज. गंजलेल्या एका जोडाचा रोध 0.02 ओहम धरा. घरातल्या दिव्याला तो जाणवणारही नाही. पण त्यातून 150 अँपिअर वाहिले की 3 व्होल्ट तिथेच संपतात, आणि 450 वॉट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. म्हणूनच जुने मेकॅनिक सेल्फ मारून झाल्यावर लगेच जोड चाचपून बघतात. जो गरम, तो चोर.

आवाजही बरंच सांगतो. सेल्फवर बसलेला सोलेनॉइड म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा जाड स्विच. त्याला स्वतःला कमी प्रवाह पुरतो. त्यामुळे एकच ठाम टक् आलं, तर चुंबक ओढतोय पण मोटरपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही, किंवा सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत, किंवा मोटरच अडकलीय. टकटकटक असा झपाट्याने आवाज आला, तर बहुधा बॅटरीच कमजोर असते: भार पडताच व्होल्टेज कोसळतो, चुंबक सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज वर येतो आणि चुंबक पुन्हा ओढतो. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, किंवा गियर न्यूट्रलमध्ये नसणं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तेव्हा बॅटरीचा नाद सोडावा. डिझेलमध्ये इंधन आणि हवा बघावी, पेट्रोलच्या स्पीडबोटीत ठिणगी आणि चालकाच्या मनगटाची ती लाल दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं.

आमच्या लाँचमध्ये मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरली, आणि चालकाला किल्ली मारायला सांगितली. 0.3 व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक पिन मायनसवर, दुसरी इंजिनाच्या बॉडीवर. किल्ली फिरली आणि मीटरवर 5.1 आले. बॅटरीचे पाच व्होल्ट अर्थच्या, म्हणजे इंजिनाच्या बॉडीपासून मायनसकडे परतायच्या, वाटेवर वाया जात होते! प्लसची वायर सगळे तपासतात. अर्थकडे कुणी वाकून बघत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मे घोळ तिथेच असतात.

“पण हे गोडं पाणी, खारं थोडंच आहे?” चालकाची शंका रास्त होती. कोकणातल्या खाडीपेक्षा इथे गंज सावकाश चढतो, हे खरं. पण कोयनेच्या खोऱ्यात पावसाळाभर हवा ओलीचिंब असते आणि त्या महिन्यांत बऱ्याच बोटी बांधून ठेवलेल्या असतात. वायरच्या बारीक तारांमधल्या फटींतून ओल केशाकर्षणाने आत आत सरकते. वरून प्लास्टिक शाबूत, आत तांबं काळंहिरवं. अशी वायर वाकवली की कडक लागते, करकरते.

इंजिनाखाली हात घातल्यावर तसंच निघालं. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी हिरवी भुकटी, बोल्टखाली रंग आणि तांबेरा. आधी बॅटरीची मायनस काढली, कारण ती लागलेली असताना प्लसला लावलेला पान्हा बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो, म्हणून इंजिनावरची फळी उघडून थोडं थांबलो. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशीच साचते. त्यामुळे बोटीत पान्ह्याने टोकं जोडून, ठिणग्या उडवत सेल्फ ‘डायरेक्ट’ करायची सवय मला फार धोक्याची वाटते. गियर पडलेला असेल, तर वर उभा असलेला माणूस पाण्यात जातो ते वेगळंच.

वायर चार इंच कापून मागचं लाल तांबं काढलं. नवा लग दाबून बसवला, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. मायनस शेवटी जोडली.

पुन्हा पिना धरल्या. 0.2. पण तो आकडा मी नीट वाचायच्या आतच इंजिन धडधडायला लागलं होतं, आणि आजींनी औषधांची थैली पदराखाली घेतली.