सज्जा, सज्जे आणि वरची सळी

आमच्या बेळगावात 'सज्जा' म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला? गवंड्याला विचारलं तर खिडकीच्या डोक्यावर पाऊस अडवायला बाहेर काढलेली सिमेंटची फळी. कन्नड शेजारणीला विचारलं तर तिला 'सज्जे' ऐकू येतं म्हणजे बाजरी, आणि भोगीला तीळ लावलेली सज्जे रोट्टी ती आठवणीनं पाठवते. चंदगडकडच्या पाव्हण्यांना विचारलं तर त्यांचा सज्जा तलाठ्याचा, चार गावांचा मिळून. जुन्या वाड्यातला सज्जा आणि वेगळा, त्यावर माणसं बसायची. पुण्यामुंबईचे लोक खिडकीवरच्याला छज्जा म्हणतात, आमच्याकडं मराठी काय कन्नड काय, बांधकामावर सगळे सज्जाच म्हणतात.

मला बोलायचंय ते या खिडकीवरच्या सज्ज्याबद्दल, कारण दर पावसाळ्यात कुठंतरी सज्जा कोसळल्याची बातमी असते आणि खाली कुणीतरी पावसापासून आडोशाला थांबलेलं असतं. आणि दुसरं कारण म्हणजे आमचं स्वतःचं घर बांधताना मिस्त्रीशी झालेलं भांडण. काँक्रीट ओतायच्या दिवशी मी बघतोय तर घमेलं घेऊन पोरं सरळ सज्ज्याच्या सळ्यांवरून चालतायत आणि सळ्या दबून पार तळाच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना टेकल्यात. मी म्हटलं अहो त्या वर पाहिजेत. मिस्त्री म्हणाला, "काय होतंय तेला साहेब, वीस वर्षं झाली, सेंट्रिंग काढल्यावर एक सज्जा पडला नाही बघा."

गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता! पडला नाही म्हणजे पक्का, हा जो समज आहे ना, तिथंच सगळी गोम आहे.

सज्जा एका बाजूनंच धरलेला असतो, भिंतीकडून. दुसरं टोक अधांतरी. शाळेत तरफ शिकलोय आपण, वजन गुणिले अंतर. आता २ फूट बाहेर आलेला, ४ इंच जाडीचा सज्जा घ्या, एक मीटर लांबीच्या तुकड्याचं वजन होतं साधारण १५० किलो, ते सगळं मधोमध म्हणजे भिंतीपासून १ फुटावर आहे असं धरायचं. आणि ७० किलोचा रंगारी जर अगदी टोकाला उभा राहिला तर तो २ फुटांवर, म्हणजे एकटा रंगारी जवळजवळ त्या अख्ख्या तुकड्याएवढाच वाकवणारा भार मुळाशी टाकतो. सज्जा २ ऐवजी ३ फूट काढला तर दीडपट नाही, स्वतःच्या वजनाचा भार सव्वादोनपट होतो, कारण वजनही वाढलं आणि अंतरही.

हा भार सज्ज्याला खाली वाकवायला बघतो. वाकताना काय होतं? हातात खोडरबर धरून वाकवा, ज्या बाजूनं फुगतं ती ताणली जाते, आतली दबते. सज्ज्यात वरची बाजू ताणली जाते, खालची दबते. काँक्रीट दाबाला राजा आहे, ताणाला मात्र भिकारी, दाब जेवढा सोसतं त्याच्या साधारण दहावा हिस्सा ताण. म्हणून ताणाच्या जागी लोखंड, म्हणजे सज्ज्यात वर. दोन भिंतींमधल्या स्लॅबला मधोमध उलटं, तिथं खाली. मिस्त्री आयुष्यभर स्लॅब टाकत आलेला असतो, हाताला तीच सवय.

मग खाली सळी असून सज्जा उभा राहतो कसा? इथं जरा आकडे येणार, सोसा. वाकवणाऱ्या भारामुळं वरच्या कडेला जो ताण येतो तो जाडीच्या वर्गानं कमी होतो, जाडी दुप्पट केली तर ताण चौथा हिस्सा. आपल्या ४ इंची सज्ज्याला रंगाऱ्यासकट हिशेब केला तर वरच्या कडेला चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन ताण येतो, आणि नेहमीचं एम-२० काँक्रीट वाकताना ३ च्या आसपास सोसतं. म्हणजे सहापट शिल्लक! सळी असो नसो, काँक्रीट एकटंच तोलून धरतं. मिस्त्रीची चूक काँक्रीट झाकतं.

पण हे फक्त तडा जाईपर्यंत. एप्रिलात वरचा भाग तापतो, वळीव आला की एकदम गार पडून आकसतो, आणि काँक्रीट वाळताना तसंही आकसतंच. एक दिवस भिंतीला लागून वरून केसाएवढी चीर पडते. चिरेतून काँक्रीट ताण देऊ शकत नाही. सळी वर असती तर तिनं त्या क्षणी ताण घेतला असता, चीर तिथंच थांबली असती. सळी तळाला आहे, ती दबणाऱ्या बाजूला झोपलीय. मग चिरेतून पाणी, पाण्यानं गंज, गंजलेलं लोखंड फुगतं, आणि दहा-पंधरा वर्षांनी कुठल्यातरी पावसात ते सगळं एका झटक्यात.

भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात केला होता, चित्र काढून. जाडीच्या वर्गाचं त्याला बरोबर कळलं, पण सगळा छेद सारखाच ताणला जातो असं त्यानं धरलं, खालची बाजू दबते हे त्याच्या हातून सुटलं. तेव्हा आमच्या मिस्त्रीला फार बोलायला नको.

दगडाला तर सळीच नसते. नायगऱ्याला टेबल रॉक नावाचा मोठा दगडी सज्जा होता, लोक त्यावर उभं राहून धबधबा बघायचे. खालचा मऊ खडक झिजत गेला, वरचा बाहेर येत गेला, १८५० मध्ये मोठा तुकडा कोसळला. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी मारते त्या वाळूखडकाच्या काठावर सेल्फी काढणाऱ्यांना बघितलं की मला हेच आठवतं.

आमच्या गल्लीत एका नव्या घराला नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगलंय, दृष्टीगोंबे, शिवाय कोहळा, शिवाय लिंबूमिरच्या, आणि हे सगळं टांगलंय कुठं तर सज्ज्याला. पाचशे रुपयांच्या त्या तोंडाऐवजी सळीच्याच तुकड्यांच्या वाकवलेल्या खुर्च्या, म्हणजे सळ्या उचलून धरणारे टेकू, खाली दिल्या असत्या तर सळ्या दबल्याच नसत्या.

आमच्या चार सज्ज्यांपैकी दोनांच्या सळ्या मी भांडून वर उचलून घेतल्या. बाकीचे दोन मी दुकानावर असताना ओतून झाले होते. त्या दोनांवर कुंड्या ठेवायला घरात बंदी आहे. बायको म्हणाली तुळस तरी ठेवूया, ओल्या मातीसकट पंधरा किलो. शेवटी तह झाला. तुळस ठेवलीय, पण कडेला नाही, भिंतीला अगदी चिकटून.