टोरिक भिंग

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे, दृष्टिवैषम्यही दूर करणारे कृत्रिम भिंग. बुबुळावरचे पारदर्शक पारपटल (कॉर्निया) एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वळलेले असले की प्रकाश एका बिंदूत जुळत नाही; हेच दृष्टिवैषम्य. चष्म्याच्या दुकानात यालाच ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात.

निवड मात्र चष्म्याच्या कागदावरून करू नये. त्या नंबरात पारपटलाचा आणि मोतीबिंदू झालेल्या भिंगाचा, असा दोघांचा वाटा असतो. शस्त्रक्रियेनंतर उरतो तो पारपटलाचाच. म्हणून पारपटलाचा बाक मोजतात. दोन दिशांच्या बाकांतला फरक साधारण 1 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) किंवा जास्त असेल, तर टोरिक भिंगाचा खर्च सार्थकी लागतो.

कोकण किनाऱ्यावर या मापाला आणखी एक अडचण असते. वर्षानुवर्षे ऊन आणि वारा सोसलेल्या खलाशांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून पारपटलावर चढते, त्याला आडव्या दिशेने सपाट करते. ते मोठे असेल तर आधी काढावे आणि पारपटल स्थिरावेपर्यंत काही आठवडे थांबूनच माप घ्यावे. नाहीतर महागडे भिंग चुकीच्या नंबराचे येते. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी या थांबण्याला सोयीची आहे.

भिंगाचा अक्ष ठरलेल्या कोनातच बसावा लागतो. 1 अंश चुकला तर सुमारे 3 टक्के लाभ जातो, 30 अंशांनी सगळाच. आडवे झाल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून खुणा रुग्णाला बसवून करतात. भिंग फिरायचे तर बहुधा पहिल्या दिवसातच फिरते. गाव कितीही लांब असो, दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नये. फिरलेले भिंग पुन्हा जागेवर आणता येते.

टोरिक भिंग एककेंद्री (एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारे) असते, तसेच बहुकेंद्रीही. बहुकेंद्री भिंगाने जवळचेही बिनचष्म्याचे दिसते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. दीपगृह आणि इतर होड्यांचे दिवे पाहून बंदरात शिरणाऱ्या तांडेलासाठी (होडीच्या प्रमुखासाठी) दूरचे दाखवणारे एककेंद्रीच बरे. जाळी शिवताना जवळचा चष्मा लावावा लागेल, एवढेच.

टोरिक परवडत नसेल तर साध्या भिंगावर सिलिंडरचा चष्मा उत्तम चालतो. शिवाय शस्त्रक्रियेचा छेद ज्या दिशेला घेतात, तिकडचे पारपटल थोडे सपाट होते. जास्त वळलेल्या बाजूला छेद घेतला तर काही वैषम्य जादा खर्चाविना कमी होते. हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जरूर विचारावे.