कल्हईची हाळी आणि कथलाचा घोळ

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत ‘कल्हईऽऽय’ अशी हाळी आली की मराठी घर आणि कानडी घर दोन्हीकडून पातेली बाहेर यायची. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा मुलामा. मराठीत कल्हई, कानडीत कलायी. मूळ शब्द अरबी. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, कचेऱ्यांतली भाषा बदलत गेली, पण हाळीला काही धक्का लागला नाही.

कल्हईवाला दारात यायचा, कारण घागरी, हंडे, पराती डोक्यावर घेऊन बाजारात जाणं कुणाला परवडत नव्हतं. शिवाय काम वारंवारचं. रोजच्या वापरातल्या पितळी पातेल्यातली कल्हई दोन-तीन महिन्यांत विरते. मग ताक, चिंच घातलेली आमटी कळकते.

गल्लीच्या तोंडाशी हातभर खड्डा, त्यात कोळसे, जमिनीखालून भात्याची नळी. आधी वाळू नि चिंचेनं भांडं घासायचं; मोठ्या हंड्यात उभं राहून पायांनी गरगर फिरत घासत. तेलाचा अंश राहिला की तिथं कथील धरत नाही, काळे चट्टे राहतात. मग भांडं तापवून कथलाची कांडी टेकवायची. टेकताच वितळली की आच बरोबर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. वरून नवसागर भुरभुरायचा; पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा गंज सुटतो. लगेच कापसाच्या बोळ्यानं कथील गोल गोल फिरवायचं नि भांडं पाण्यात सोडायचं. आच कमी पडली तर गोळे, जास्त झाली तर कथील पिवळं पडून ओघळतं. कडी डाखानं, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणानं, जोडलेली असेल तर ती हातात येते. रिव्हेटची कडी टिकते.

खरा वाद कथलाचा. गिऱ्हाईक ‘कथील’ म्हणे, कल्हईवालाही ‘कथील’च म्हणे, झोळीतली कांडी मात्र पुष्कळदा डाखाची असे, म्हणजे कथील आणि शिसं. हे मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं, कमी कोळशात पसरतं आणि सुरुवातीला चकाकतंही तसंच. आजही कथील किलोला हजारांत आणि शिसं शेकड्यांत आहे, तेव्हा मोह कळण्यासारखा आहे; माफ करण्यासारखा नाही. आंबट पदार्थात शिसं उतरतं, जिभेला कळत नाही. १९५५ च्या भेसळविरोधी नियमांत तांब्या-पितळेची नीट कल्हई नसलेली भांडी खाण्याच्या पदार्थांसाठी अयोग्य धरली होती. तो धाक विक्रेत्यांना. घरच्या पातेल्यात काय फासलंय ते कोण बघणार? जाणत्या बायका कांडी वाकवून कानाशी धरत. शुद्ध कथील वाकताना करकरतं, शिशाचं प्रमाण वाढलं की मुकं होतं. दुसरी खूण म्हणजे नव्या कल्हईवर पांढरा कागद जोरात घासायचा. काळपट ओरखडा उमटला तर शिशाचा संशय. ही प्रयोगशाळेची खात्री नव्हे, पण व्यवहाराला पुरायची.

हाळी बंद पडली ती स्टेनलेस स्टीलमुळे असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी आधीच स्वयंपाकघरात पाय पसरले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस बेळगावजवळ यमनापूरला ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कच्च्या मालाचा, कारखानाही आला, हा योगायोग गमतीचा. पण शिशामुळे उडालेला विश्वास हेही कारण धरायला हवं. मोडीत घातलेली पितळी भांडी परत आली नाहीत, आणि हंडे नाहीत तर फेरी कशाची?

आता तांब्या-पितळेची हौस पुन्हा वाढली आहे, पण भांडं दुकानात न्यावं लागतं. भात्याऐवजी विजेचा पंखा किंवा गॅसची शेगडी असते. गॅसची आच एका जागी लागते, म्हणून बूड नीट होतं आणि काठाशी कथील कच्चं राहतं. भांडं ताब्यात घेताना काठाच्या आतून बोट फिरवावं; खरबरीत लागलं तर तिथल्या तिथं पुन्हा तापवून मागावं.